आरएनएच्या कणावरचं इरलं

पुणे–सातारा रस्त्यावर नसरापूरच्या फाट्याला आत वळलं की वाट वेल्ह्याला जाते, थोडं पुढे कापूरहोळला वळलं की भोरला. दोन्ही गावं पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरांवर. पण हे दोन तालुके तिथे संपत नाहीत. भाटघरच्या पाण्यामागचं भुतोंडे खोरं, नीरा-देवघरच्या वरच्या अंगाची हिर्डोशीकडची गावं, मढे घाटाच्या माथ्यावरचं केळद ही त्यांची खरी टोकं. सरकारदरबारी वेल्हे तालुका आता राजगड तालुका झाला असला, तरी तिथला पाऊस आणि चढ पूर्वीचेच आहेत. आषाढात दरडी येतात, वीज जाते, वरंध घाटाची वाहतूक थांबवावी लागते.

या टोकांपर्यंत लस पोचते ती ठरलेल्या साखळीतून. जिल्ह्याच्या भांडारातून ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमध्ये येते. वीज गेली तरी आतल्या बर्फाच्या अस्तरामुळे काही तास थंड राहणारा हा फ्रीज. लसीकरणाच्या दिवशी सकाळी चार आइस पॅक घातलेला व्हॅक्सिन कॅरियर भरायचा आणि उपकेंद्राची किंवा अंगणवाडीची वाट धरायची. ही सगळी शीतसाखळी २ ते ८ अंश सेल्सिअससाठी बांधलेली आहे. कोविडच्या साथीत कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन याच साखळीतून गावोगाव गेल्या. फायझरची एमआरएनए लस सुरुवातीला उणे ६० अंशांहून थंड ठेवावी लागत होती. तिचा भारतातला अर्ज कंपनीनं फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला. मॉडर्नाच्या लशीला जून २०२१ मध्ये परवानगी मिळाली, पण आपल्या लसीकरण मोहिमेत ती आली नाही.

त्या दिवसांत सगळी चर्चा तापमानाची झाली. एमआरएनए लशींमध्ये आरएनए वाहून नेणाऱ्या कणाच्या सर्वांत बाहेरच्या थराबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. बाटलीत कण एकमेकांना चिकटतात की सुटे राहतात, रक्तात ते किती वेळ टिकतात आणि तेच औषध दुसऱ्यांदा, दहाव्यांदा टोचल्यावर शरीर त्यांना कसं वागवतं, हे बऱ्याच अंशी तो थर ठरवतो. आरएनएची औषधं आता लशीपुरती राहिलेली नाहीत. म्हणूनच या थरासाठी नवा पदार्थ शोधण्याची गरज निर्माण झाली आहे.

कण कसा बनतो

आरएनए हा फार नाजूक रेणू. त्याला तोडणारी विकरं आपल्या घामात, त्वचेवर, रक्तात, सगळीकडे असतात. उघडा आरएनए शिरेत सोडला तर काही मिनिटांत त्याचे तुकडे होतात. शिवाय तो ऋणभारित आणि लांबलचक असल्यामुळे पेशीच्या स्निग्ध पटलातून आपल्या आपण आत जाऊ शकत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं खपून त्याच्यासाठी लिपिडचे, म्हणजे स्निग्ध रेणूंचे, अतिसूक्ष्म कण घडवले. असा कण साधारण ८० ते १०० नॅनोमीटरचा असतो.

त्यात चार घटक असतात. पहिलं, आम्ल माध्यमात धनभारित होणारं लिपिड. ते आरएनएला धरून ठेवतं आणि पेशीत शिरल्यावर त्याला मोकळं करतं. दुसरं फॉस्फोलिपिड, तिसरं कोलेस्टेरॉल. चौथा घटक असतो पीईजी जोडलेलं लिपिड. पीईजी म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ऑनपॅट्रो या औषधात या चौघांचं प्रमाण शंभर रेणूंमागे ५०, १०, ३८.५ आणि १.५ असं आहे. ऑनपॅट्रोला अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. अशा कणातून दिलं जाणारं आरएनएचं ते पहिलं मान्यताप्राप्त औषध.

दीड टक्का म्हणजे नगण्य वाटेल, पण कणाच्या बाहेर दिसतो तो हाच दीड टक्का. पीईजीची साखळी पाण्याला धरून राहते आणि कणाभोवती पाण्याचा ओलसर पडदा तयार होतो. त्यामुळे कण बनताना त्यांचा आकार आटोक्यात राहतो, बाटलीत ते एकमेकांना चिकटत नाहीत आणि रक्तातली प्रथिनं त्यांच्यावर लगेच बसत नाहीत.

तरीही हे आवरण कायमचं असून चालत नाही. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भातलावणी करताना बायका डोक्यापासून पाठीवर इरलं घेत. ओणवं राहून काम करताना ते पाठीवर पक्कं बसायला हवं आणि घरात शिरताना सहज उतरायलाही हवं. पीईजीकडूनही हीच दुहेरी अपेक्षा असते. रक्तात आलेल्या कणावर अपोलिपोप्रोटीन ई हे प्रथिन बसलं की यकृताच्या पेशी त्याला ओळखून आत घेतात. पीईजीचा थर घट्ट राहिला, तर ते प्रथिन बसतच नाही आणि औषध पेशीच्या बाहेरच राहतं. म्हणून ऑनपॅट्रोमधल्या पीईजीला चौदा कार्बनच्या आखूड स्निग्ध शेपट्या जोडल्या आहेत. त्या कणात सैल रोवलेल्या असतात आणि रक्तात गेल्यावर निसटतात. शेपटी लांबवली की आवरण जास्त वेळ टिकतं आणि कण जास्त वेळ फिरतो, पण पेशीत शिरण्याची त्याची क्षमता घटते. ही ओढाताण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला सोडवावी लागते.

शरीर ओळखायला लागतं

पीईजीचं औषधातलं आयुष्य सुरू झालं १९७७ मध्ये. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात फ्रँक डेव्हिस आणि अब्राहम अबुचोव्स्की यांनी गाईच्या प्रथिनांना पीईजी जोडलं आणि ती प्रथिनं प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटतात, असं दाखवलं. १९९० मध्ये पीईजी जोडलेलं पहिलं औषध बाजारात आलं. १९९५ मध्ये डॉक्सिल हे कर्करोगाचं औषध आलं. त्यात डॉक्सोरुबिसिन पीईजीच्या आवरणाखालच्या लिपिडच्या पिशवीत भरलेलं असतं. पीईजीची शरीराला ओळख पटत नाही, हे तेव्हा जवळपास गृहीत धरलं गेलं होतं.

ते गृहीतक हळूहळू ढासळलं. पीईजीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, हे १९८० च्या दशकात प्राण्यांमध्ये दिसलं होतं. २००० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पीईजीचं आवरण असलेल्या लिपिडच्या पिशव्या प्राण्यांना पहिल्यांदा टोचल्या की त्या बराच वेळ रक्तात फिरतात. काही दिवसांनी त्याच पुन्हा टोचल्या, तर भराभर यकृतात जाऊन नाहीशा होतात. पहिल्या डोसनंतर प्लीहेत पीईजीविरुद्ध आयजीएम प्रतिपिंडं बनतात, दुसऱ्या डोसच्या कणांना ती चिकटतात, पूरक प्रथिनांची यंत्रणा जागी होते आणि यकृतातल्या भक्षक पेशी कण गिळून टाकतात.

पीईजी जोडलेलं औषध कधीच न घेतलेल्या माणसांमध्येही ही प्रतिपिंडं सापडतात. २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अलीकडे घेतलेल्या रक्तनमुन्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांत ती आढळली. बहुतेकांत प्रमाण कमी होतं, काही थोड्यांत मात्र बरंच जास्त. ती येतात कुठून? पीईजी बद्धकोष्ठाच्या पावडरीत असतं, कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायच्या औषधात असतं, मलमं, क्रीम, टूथपेस्ट आणि गोळ्यांच्या वेष्टनातही असतं. तालुक्याच्या मेडिकल दुकानातही अशा वस्तू सहज मिळतात.

याची किंमत काही रुग्णांना मोजावी लागली आहे. गाऊटवरचं पेग्लोटिकेस हे औषध २०१० मध्ये मंजूर झालं. चाचण्यांमधल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत त्याचा परिणाम टिकला नाही आणि त्याचं मुख्य कारण पीईजीविरुद्धची प्रतिपिंडं होती. २०१४ मध्ये पेगनिव्हाकोजिन या हृदयरोगावरच्या आरएनए औषधाची मोठी चाचणी तीव्र ॲलर्जीमुळे थांबवावी लागली. पुढे तपासात दिसलं, की ज्यांना जबर त्रास झाला त्यांच्या रक्तात पीईजीविरुद्धची प्रतिपिंडं आधीच जास्त होती.

कोविडच्या एमआरएनए लशींनी हा प्रश्न कोट्यवधी लोकांपर्यंत नेला. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत तीव्र ॲलर्जीच्या काही घटना घडल्या तेव्हा पहिला संशय पीईजीवर गेला. अमेरिकेतलं सुरुवातीचं प्रमाण फायझरच्या दहा लाख डोसमागे सुमारे ११ होतं, पुढे ते आणखी खाली आलं. पीईजी हेच कारण होतं, हे बहुतेक घटनांत सिद्ध झालं नाही. त्रास झालेल्या पुष्कळांना नंतर देखरेखीखाली दुसरा डोसही सुरळीत देता आला. म्हणून लस धोक्याची होती, असा निष्कर्ष कुणी काढू नये. पण २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटानं मोजलं, तेव्हा मॉडर्नाची लस घेतलेल्यांमध्ये पीईजीविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं सरासरी १३ पटींनी वाढलेली दिसली. फायझरच्या लशीनंतर ही वाढ दुपटीहून कमी होती.

स्नायूत टोचलेल्या दोन-तीन डोसच्या लशीचं यानं फारसं बिघडत नाही. खरी अडचण आयुष्यभर घ्यायच्या औषधांत आहे. ऑनपॅट्रो दर तीन आठवड्यांनी शिरेतून द्यावं लागतं आणि प्रत्येक वेळी आधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीरोधक औषधं देऊन शरीर शांत करावं लागतं. २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या मुलांच्या रुग्णालयात एका तान्ह्या बाळाच्या यकृतातला जनुकीय दोष केवळ त्याच्यासाठी बनवलेल्या औषधानं दुरुस्त करण्यात आला. ते औषधही लिपिड कणांतूनच दिलं होतं आणि डोस तीन द्यावे लागले. विषाणूच्या मदतीनं होणाऱ्या जनुकोपचारात डोस पुन्हा देणं फार अवघड असतं. लिपिड कणांनी ते शक्य केलं. पुन्हा पुन्हा देता येणं हेच ज्या औषधांचं बळ, त्यांचं आवरण शरीरानं ओळखून ठेवणं परवडणारं नाही.

जागा घ्यायला कोण कोण पुढे आलंय

पहिला दावेदार पॉलिसार्कोसिन. सार्कोसिन हे अमिनो आम्ल आपल्या शरीरात नैसर्गिकपणे बनतं. त्याची साखळी पीईजीसारखीच पाण्याला धरते आणि तिच्यावर विद्युतभार नसतो. जर्मनीतल्या माइन्झ इथल्या संशोधकांनी, ज्यांत बायोएनटेकचे उगुर साहिनही होते, २०२० मध्ये पीईजीऐवजी पॉलिसार्कोसिन लावलेले एमआरएनएचे कण प्रसिद्ध केले. पेशीत औषध पोचवण्यात ते मागे पडले नाहीत आणि दाह व पूरक प्रथिनांची चेतना त्यांनी कमी केली. फायझर-बायोएनटेकच्या लशीत पीईजी असताना त्याच घराण्यातली प्रयोगशाळा त्याला पर्याय शोधत होती, यावरून या प्रश्नाचं गांभीर्य कळतं.

दुसरं कुटुंब पॉलिऑक्साझोलिनचं. रचना वेगळी असल्यामुळे पीईजीविरुद्धची प्रतिपिंडं त्याला चिकटत नाहीत आणि साखळीची लांबी बऱ्यापैकी काटेकोर ठेवता येते. अमेरिकेतली सेरिना थेरप्यूटिक्स ही कंपनी त्यावर काम करते. लिपिड कणांमध्ये ते वापरण्याचा परवाना २०२३ मध्ये फायझरनं तिच्याकडून घेतला.

तिसरी वाट धन आणि ऋण असे दोन्ही भार एकाच दुव्यात बाळगणाऱ्या पॉलिमरांची. पीईजी पाण्याला तुलनेनं हलक्या बंधांनी धरतं, हे पॉलिमर विद्युतभाराच्या ओढीनं धरतात, त्यामुळे त्यांच्याभोवतीचा पाण्याचा पडदा अधिक पक्का असतो. यातलं फॉस्फोरिलकोलीन तर आपल्या पेशींच्या पटलाच्या पृष्ठभागावरच असतं. हृदयाच्या स्टेंटवर आणि कॉन्टॅक्ट लेन्समध्ये त्याचे पॉलिमर पूर्वीपासून वापरात आहेत. कॉर्नेल विद्यापीठातल्या शाओयी जियांग यांच्या गटानं पॉलिकार्बोक्सिबिटेन जोडलेली लिपिडं एमआरएनएच्या कणांत पीईजीच्या जागी वापरली. औषधाची परिणामकारकता वाढते आणि आवरणाविरुद्धची प्रतिक्रिया कमी राहते, असे निष्कर्ष त्यांनी २०२५ मध्ये मांडले.

पदार्थ निसर्गातला आहे म्हणून तो निर्धोकच असेल, असं मात्र नाही. डेक्स्ट्रान ही जिवाणूंनी बनवलेली शर्करेची साखळी रक्ताचं आकारमान भरून काढायला अनेक वर्षं वापरली गेली. काही रुग्णांच्या शरीरात तिच्याविरुद्ध आधीच प्रतिपिंडं होती आणि त्यांना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली. एकच दुवा पुन्हा पुन्हा येणारी कोणतीही साखळी प्रतिकारशक्तीच्या नजरेत भरू शकते. त्यामुळे नव्या आवरणाची परीक्षा पहिल्या डोसवर होत नाही. ती पाचव्या, दहाव्या डोसनंतर व्हायला हवी.

पुण्यातले दोन प्रयत्न

या शोधाशी पुण्याचा संबंध जुना आहे. सीरम इन्स्टिट्यूटनं लिपॉक्सेन या ब्रिटिश कंपनीशी भागीदारी केली होती. लायपोसोममधून औषध देण्याच्या कल्पनेचे एक आद्य प्रवर्तक ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांची ही कंपनी. पीईजीच्या जागी पॉलिसायलिक आम्ल वापरायचं, हे त्यांचं सूत्र. ही शर्करेची साखळी माणसाच्या मेंदूतल्या पेशींवर असते. मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस-बी जिवाणू नेमकी हीच साखळी आपल्या अंगावर चढवतो आणि शरीराला फसवतो. त्यामुळेच त्या जिवाणूच्या कवचापासून साधी लस बनवणं शक्य झालं नव्हतं. जिवाणूची ही युक्ती औषधासाठी वापरता येईल का, हे तपासण्यासाठी सीरमनं पॉलिसायलिक आम्ल जोडलेलं एरिथ्रोपोएटिन घेऊन भारतातल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांवर चाचण्या केल्या. हीच साखळी जोडलेल्या हिमोफिलियाच्या एका औषधाला पुढे परदेशातल्या चाचणीत अपेक्षित यश आलं नाही. वाट अवघड होती, पण पीईजीला पर्याय हवा हे पुण्यातल्या उद्योगानं एमआरएनए लशींच्या पुष्कळ आधी ओळखलं होतं.

दुसरा प्रयत्न हिंजवडीतल्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सचा. २०२० मध्ये या कंपनीनं सिॲटलच्या एचडीटी बायो कंपनीबरोबर एमआरएनए लशीचं काम हाती घेतलं. एचडीटीनं त्याच वर्षी प्रसिद्ध केलेला कण चार घटकांच्या नेहमीच्या कणाहून मुळातच वेगळा आहे. मधोमध स्क्वालीन या तेलाचा थेंब, त्यात लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण आणि पृष्ठभागावर डीओटीएपी हे कायम धनभारित लिपिड. आरएनए कणाच्या पोटात भरला जात नाही, तो बाहेरून पृष्ठभागाला धरून राहतो. त्यामुळे कण आणि आरएनए वेगवेगळे बनवून नंतर एकत्र करता येतात. पीईजी जोडलेलं लिपिड यात लागत नाही. थेंब स्थिर ठेवायला स्पॅन ६० आणि पॉलिसॉर्बेट ८० वापरतात.

पॉलिसॉर्बेट ८० मध्येही पीईजीचेच दुवे असतात, हे इथे सांगायला हवं. एका रेणूत साधारण वीस दुवे, तेही चार फांद्यांत वाटलेले. कोविड लशीतल्या पीईजीच्या सलग साखळीत ते पंचेचाळीसच्या आसपास असतात. कोविशिल्डमध्येही पॉलिसॉर्बेट ८० होतं, म्हणजे भोर-वेल्ह्यातल्या हजारो दंडांत ते आधीच टोचलं गेलं आहे. पीईजीपासून पूर्ण सुटका झाली, असं या वाटेला म्हणता येत नाही. लांब साखळीचं आवरण न चढवताही आरएनए टोचता येतो, एवढं मात्र तिनं दाखवून दिलं.

जेनोव्हाच्या जेमकोव्हॅक-१९ या भारतातल्या पहिल्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ओमिक्रॉनसाठीची जेमकोव्हॅक-ओएम जून २०२३ मध्ये आली. ती सुईविना, त्वचेतच दिली जाते आणि तिच्यातला आरएनए पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढतो. या लशी गोठवून सुकवलेल्या भुकटीच्या रूपात असतात आणि २ ते ८ अंशांत टिकतात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरमध्ये बसतात. साथ ओसरल्यावर आल्यामुळे त्यांचा वापर मर्यादित राहिला. तरी एमआरएनएला अतिशीत फ्रीझरच हवा, ही समजूत हिंजवडीच्या प्रयोगशाळेनं खोटी ठरवली.

टोकाच्या गावाची कसोटी

नव्या आवरणांची तुलना होते ती बहुधा उंदरांच्या यकृतात किती प्रथिन बनलं यावर. आपल्यासाठी तेवढं पुरेसं नाही. कण सुकवून भुकटी केली आणि सहा महिन्यांनी पाणी घातलं, तर ते पुन्हा सुटे होतात की त्यांच्या गुठळ्या होतात? वाटेत वीज गेली, कॅरियरमधला बर्फ वितळला, तर आवरण टिकतं का? तो पॉलिमर टनावारी, एकसारख्या लांबीचा आणि परवडेल अशा भावात बनवता येतो का? पीईजी पन्नास वर्षं टिकून राहिलं, त्यामागे स्वस्त आणि शुद्ध मिळणं हेही मोठं कारण आहे. पॉलिमरविज्ञानाची परंपरा असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, लस बनवणारे मोठे कारखाने आणि राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था एकाच शहरात असलेलं पुण्यासारखं ठिकाण देशात दुसरं शोधावं लागेल. या तीन प्रश्नांची उत्तरं इथेच मिळायला हवीत.

आणखी एक काम प्रयोगशाळेबाहेरचं आहे. आपल्या माणसांच्या रक्तात पीईजीविरुद्धची प्रतिपिंडं किती, हे शहरातल्या नमुन्यांवरून ठरवता येणार नाही. भुतोंड्याच्या खोऱ्यातले, केळदच्या माथ्यावरचे नमुनेही त्यात हवेत. सिकलसेलसारख्या आजारांवर अशा कणांतून जनुकोपचार करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ते उपचार उद्या आले, तर त्यांची खरी गरज महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यातल्या दुर्गम गावांनाच असेल.

वाचकानंही यात आपला वाटा उचलावा. औषधाच्या वेष्टनावर पीईजी बहुधा 'मॅक्रोगोल' किंवा 'पॉलिइथिलीन ग्लायकॉल' या नावानं छापलेलं असतं. असं औषध घेतल्यावर किंवा कोणतंही इंजेक्शन टोचल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा आणि औषधाचं नाव लिहून ठेवावं. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला, लस टोचणाऱ्या परिचारिकेला ते सांगावं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे. तिथे रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो. अशा नोंदी गावांतून येऊ लागल्या, तरच पुढचं आवरण घडवणाऱ्यांना या लोकांच्या शरीराचाही विचार करता येईल.